यादी नंतर, आधी कुठल्या पानावर जागलीस ते सांग

तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर काउंटरवर बसून तोच डोक्यात घोळत होता, म्हणून आता जेवणं आटपून निवांत लिहितेय. लांबण लागणार आहे. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की वय २६, पुण्यात आयटीत नोकरी, गेली चार वर्षं अ‍ॅपवर रोमान्सच्या मालिका वाचतेस, 'भाग ४७' संपला की 'भाग ४८' असं करत रात्रीचे दोन वाजतात. मग ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली "हे काय वाचत बसतेस, काहीतरी चांगलं वाच", तुला ते लागलं, तू 'मरण्याआधी वाचायलाच हवीत' छाप एक यादी शोधलीस, त्यातली सहा पुस्तकं एकदम मागवलीस, अठराशे रुपये गेले, आणि आज सहापैकी एकही चाळीस पानांच्या पुढे गेलेलं नाही. आणि शेवटी विचारलंयस, की वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं शोधायची कशी, का माझ्यात वाचकच नाहीये?

रात्री दोनपर्यंत जागून वाचणारी बाई वाचक नाही तर मग कोण वाचक? हा भाग इथेच संपला.

मी गेली २४ वर्षं एका उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर आहे. 'ब' वर्गाचं वाचनालय, म्हणजे फार मोठं नाही, पण रोज साठ-सत्तर माणसं समोरून जातात आणि कोण काय नेतं, काय चार दिवसांत परत आणतं आणि काय महिनाभर ठेवून न वाचताच परत करतं हे सगळं दिसतं. त्यातून जे कळलं तेवढंच सांगते.

मला वाटतं तुझी अडचण पुस्तकं सापडत नाहीत ही नाहीये. याद्या ढिगाने आहेत, तुलाही एका मिनिटात सापडली की. अडचण अशी झाली की तू एका उडीत सगळंच बदललंस. विषय बदलला, काळ बदलला, भाषा बदलली, वाचायचा वेग बदलला, मोबाईल जाऊन हातात चारशे पानांचं जाड पुस्तक आलं, आणि वर सुखान्ताची खात्रीपण गेली. एवढं सगळं एकदम बदललं की कुणीही आपटेल, मीपण आपटले असते. आणि दुसरं म्हणजे तू ती विकत घेतलीस. त्याबद्दल पुढे बोलते.

आता माझी एक फजिती सांगते म्हणजे मुद्दा कळेल. २०१३ ला सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा 'दुनियादारी' सिनेमा आला तेव्हा आमच्याकडे त्यांच्या पुस्तकांना रांग लागलेली, ज्या प्रती वर्षानुवर्षं कपाटात शांत पडून होत्या त्यांची परत बाईंडिंगं करावी लागली. त्यात एक कॉलेजचा मुलगा यायचा, दोन महिन्यांत त्याने शिरवळकर जवळजवळ संपवले आणि विचारलं, "मॅडम आता काय?" मी मोठ्या हुशारीने त्याच्या हातात 'कोसला' ठेवली. माझं गणित सरळ होतं, 'दुनियादारी' काय नि 'कोसला' काय, दोन्हीकडे बाहेरगावचा मुलगा पुण्याला कॉलेजला येतो, होस्टेल, मित्र, घरच्यांशी ताणलेलं, म्हणजे आवडणारच. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची, माझी स्वतःची लाडकी. तो मुलगा पुढे वर्षभर आला नाही! नंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा हसत म्हणाला, "मॅडम तुम्ही दिलेलं ते पुस्तक वाचून मला इतकं एकटं वाटलं की मी वाचायचंच सोडलं." मग कळलं की तो कॉलेजसाठी वाचतच नव्हता, तो कट्ट्यासाठी वाचत होता. चार मित्र, त्यांची टोलेबाजी, कुणीतरी आपलं आहे ही ऊब. 'कोसला'त नेमकं त्याच्या उलट आहे. मी विषय जुळवला आणि चव चुकवली.

तेव्हापासून मी कुणालाच "कुठला प्रकार आवडतो?" असं विचारत नाही. मी विचारते, शेवटचं जे पुस्तक सोडवेना, त्यातल्या कुठल्या पानावर तू जागी राहिलीस? लोक आधी गोंधळतात, मग बरोबर सांगतात. कुणी म्हणतं ते दोघं भांडतात ना ते, कुणी म्हणतं त्याने तिला सगळ्यांसमोर ओळख दिली नाही तो प्रसंग, कुणी म्हणतं ती सासरी पहिल्यांदा बोलते ते. तिघीही 'रोमान्स' वाचणाऱ्याच, पण एकीला नोकझोक हवीये, एकीला विरह हवाय आणि तिसरीला खरं तर बाईने तोंड उघडलेलं हवंय. तिघींना पुढचं पुस्तक वेगळं द्यावं लागतं. तू हे स्वतःशी आधी ठरव, कागदावर तीन प्रसंग लिहून काढ, याद्या नंतर.

मग पुढचं पुस्तक निवडताना एकच गोष्ट बदलायची. एक पाय ओळखीच्या जागेवर, एक नवीन जागेवर. तुला रोमान्स आवडतो तर रोमान्स ठेव, फक्त काळ बदल. किंवा काळ आजचाच ठेव आणि सुखान्त सोडून बघ. मैत्रिणीने तुझ्या डोक्यात 'रोमान्स विरुद्ध चांगली पुस्तकं' अशी भिंत घातलीय, कपाटात ती भिंत मला तरी कधी दिसली नाही.

विरहवाली असशील तर विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घे. १९३९ चं पुस्तक, पण इतकं बारीक आहे की दोन रात्रींत संपेल. युरोपातून मुंबईला येणारी बोट, त्यावर एक मराठी माणूस आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू मुलगी, हॅर्टा. बोट मुंबईला लागेपर्यंतचेच दिवस हातात आहेत, हे दोघांनाही माहीत आणि आपल्यालाही. तुझ्या अ‍ॅपवर 'मर्यादित वेळ, अशक्य प्रेम' म्हणून ज्या मालिका असतात ना, त्याच जातीचं, फक्त मागे खरं महायुद्ध उभं आहे. सुखान्त नाही हे आधीच सांगते, नंतर मला शिव्या नकोत. क्लासिक म्हणून हे पुस्तक दिलं की लोक दचकतात, बोटीवरची लव्हस्टोरी म्हणून दिलं की घेऊन जातात, मी दोन्ही करून पाहिलंय.

पत्रं, चॅट, मेसेजमधून फुलणारं प्रेम आवडत असेल तर पु. शि. रेग्यांची 'सावित्री', १९६२. सगळी कादंबरी म्हणजे ३९ पत्रं, तीही एकट्या तिचीच, त्याचं उत्तर आपल्याला एकदाही वाचायला मिळत नाही, ते तिच्या पुढच्या पत्रावरून ओळखायचं. ही मात्र हळू वाचायची, दिवसाला दोन-तीन पत्रं. एका बैठकीत संपवलीस तर काहीच झालं नाही असं वाटेल.

बाईने तोंड उघडलेलं हवं असेल तर तुझ्यापुढे खजिना आहे. विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईने टोपणनावाने लिहिलं आणि केवढा गहजब झाला. तुझ्या ऑफिसातल्या मुली आज जे बोलतात त्यातलं निम्मं त्यात सापडेल. (या विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, 'रणांगण'वाल्या बेडेकरांच्या पत्नी. एकाच घरात दोन असली पुस्तकं.) तिथून पुढे गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे असं चालत आजपर्यंत येता येतं, आणि मधे कुठेही आपण 'साहित्य' वाचतोय असं दडपण येत नाही.

आणि एकदम आजचं, शहरी हवं असेल तर सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्ल्यू', २००६. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात, पहिला अर्धा भाग भाऊ सांगतो, दुसरा बहीण. आमच्याकडे हे पुस्तक नेणारे बरेच जण आधी मागचं कव्हर वाचून इकडेतिकडे बघतात, मग पिशवीत टाकतात.

इतिहासाकडे वळायचंय असं तू प्रश्नात लिहिलंयस आणि यादीतलं सगळ्यात जाड पुस्तक घेऊन बसलीयस. ते बाजूला ठेव, 'स्वामी' घे. रणजित देसाईंची, १९६२ ची. कागदोपत्री ती माधवराव पेशव्यांची कादंबरी, राजकारण आहे, राघोबादादा आहेत, पण आमच्या बायका पिढ्यानपिढ्या ती माधवराव-रमाबाईंसाठी वाचत आल्यात हे मी शपथेवर सांगेन. माधवराव १७७२ मधे थेऊरला क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या, म्हणजे शेवट तुला पहिल्या पानापासून माहीत आहे आणि तरी शेवटची पानं वाचताना डोळे पुसावे लागतात. ती संपली की पेशवाई तुझ्या ओळखीची झालेली असते, मग जाड पुस्तकं तेवढी जाड वाटत नाहीत.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. जुन्या कादंबऱ्या आपण चुकीच्या पद्धतीने वाचतो. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' तुझ्या सहा पुस्तकांत आहे आणि तू बत्तिसाव्या पानावर सोडलीस म्हणतेस. अगं ती आधी 'करमणूक' नावाच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती, १८९० च्या सुमारास! लोक आठवडाभर थांबायचे पुढच्या भागासाठी. म्हणजे तुझ्या 'भाग ४८'चीच पणजी. यमू नावाची मुलगी स्वतःच स्वतःची गोष्ट सांगते, अगदी शेजारी बसून सांगितल्यासारखी, पण ती दर आठवड्याला थोडी थोडी ऐकायची म्हणून लिहिलेली आहे, त्यामुळे तेच तेच परत येतं, पाल्हाळ वाटतो. रविवारी दुपारी बसून शंभर पानं उडवायला गेलं की दम लागतो. रोज रात्री एक प्रकरण, बस्स. अ‍ॅपवरचा भाग वाचायच्या आधी एक प्रकरण असं लावून घे हवं तर. आणि पहिली वीस पानं मोठ्याने वाच, जुनी वाक्यरचना डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सरावते. हे मी शाळेतल्या मुलांवर करून पाहिलंय, चालतं.

पण हे सगळं तुझ्या परिस्थितीवर आहे. तू मराठी माध्यमातली की इंग्रजी, हे तू लिहिलेलं नाहीस. इंग्रजी माध्यमातली असशील तर १९ व्या शतकातली मराठी आधी घेऊच नकोस, १९६० नंतरचं घे, आणि इंग्रजीतला रोमान्स वाचत असशील तर 'प्राइड अँड प्रिज्युडिस'पासून सुरू कर, १८१३ चं आहे पण भांडता भांडता प्रेमात पडायचं ते जे आज शंभर मालिकांत चालतं त्याचं मूळ तिथे सापडेल. तुझा प्रवास बसचा की स्वतःच्या गाडीचा, त्यावरपण आहे, गाडी चालवत असशील तर ऑडिओबुकं घे, जाड कादंबऱ्या ऐकायला सोप्या जातात, कविता आणि रेगे मात्र ऐकून हाती लागत नाहीत, असा माझा अनुभव. आणि सध्या कामाचा ताण जास्त असेल, घरी काही चाललं असेल, तर नवीन काही सुरू न करता आवडतं तेच परत वाच, त्यात काही गैर नाही.

बाकी प्रकारांचं थोडक्यात. भय-गूढ याकडे जायचं तर कादंबरी नको, आधी कथा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, एक कथा एका बैठकीत होते, आवडली नाही तर पुढची. मग नारायण धारप, पण ते रात्री एकटी असताना नको. विज्ञानकथा म्हटलं की नारळीकर. त्यांची एक गंमत इथे सांगायलाच हवी. १९७४ मधे त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप असं खोटं नाव घालून कथा पाठवली, आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम नको म्हणून, आणि पहिला नंबर आला. तू रेटिंगचं विचारलंयस ना, की मराठी पुस्तकांना रेटिंगच धड नसतं मग कळायचं कसं. मला तर ते बरंच वाटतं. मधली दोन पानं उघडून वाच, वर नाव कुणाचं ते न बघता. दोन पानांत माणूस आपल्याशी बोलतोय की नाही ते कळतं, त्याला तारे लागत नाहीत.

आत्मचरित्रं रोमान्सवाल्यांनी का वाचावीत? लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'साठी. नवरा रेव्हरंड टिळक, कवी, भोळा, विक्षिप्त, १८९५ मधे ख्रिस्ती झाला, बायको हिंदूच राहिली, काही वर्षं दोघं वेगळी, पत्रापत्री, रुसवे, आणि मग परत एकत्र. एवढा मोठा दुरावा आणि एवढं हसू एकाच पुस्तकात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. बाई फारशी शाळा न शिकलेली, त्यामुळे भाषा अगदी बोलल्यासारखी. तुझ्यासारख्या मुलींना मी हे सगळ्यात जास्त वेळा दिलंय.

आता पैशाचं. विकत घेतलेलं पुस्तक आवडलं नाही की अपराधी वाटतं, मग ते उशाशी पडून राहतं आणि ते पडलंय म्हणून दुसरंही सुरू होत नाही, तुझं नेमकं हेच झालंय. वाचनालयातलं पुस्तक दहा पानांत परत केलं तरी कुणाचं काही गेलं नाही. पुण्यात राहतेस आणि वाचनालय नाही म्हणतेस? पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, शिवाय उपनगरांत लहान लहान आहेतच. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी एका पिझ्झापेक्षा कमी बसते बहुतेक ठिकाणी. नापसंत पडायची मुभा स्वस्तात मिळाली की माणूस धीट होतो, मग कुठल्याही कपाटाला हात घालतो. आवडलेलं मात्र जरूर विकत घे, दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं की घे.

तिथे गेलीस की थेट कपाटांकडे जाऊ नकोस. देवघेवीच्या टेबलाच्या बाजूला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, अजून कपाटात न लावलेला. तो बघ. ती पुस्तकं कुणीतरी नुकतीच वाचलेली असतात, आणि त्यात कौटुंबिक, रहस्य, प्रवासवर्णन, पाककृती सगळं एकावर एक पडलेलं असतं. आमचे निम्मे सभासद तिथूनच पुस्तक उचलतात. अजून एक, जिथे कॉम्प्युटर आला नाही तिथे पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली की समजायचं पुस्तक पळतंय. आणि तीस वर्षांत चार तारखा असतील तर तेही एकदा उघडून बघ, माझी दोन-तीन लाडकी पुस्तकं अशीच सापडलीत.

दिवाळीच्या आसपास गेलीस तर दिवाळी अंकांची योजना घे. वेगळी थोडी वर्गणी असते आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून नेता येतो. १९०९ मधे 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक चालू आहेत, आणि नवीन लेखक चाखून बघायला यापेक्षा सोपं काही नाही, एका अंकात कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, भविष्य सगळं. ज्याची कथा आवडली त्याचं नाव लिहून ठेव, मग त्याचं पुस्तक माग. बरं, दिवाळी अंकांची गंमत अशी की कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६९ मधे ते सुटले. म्हणजे "हे काय वाचतेस" असं विचारणारे लोक तेव्हापण होते, तुझी मैत्रीण काही नवीन करत नाहीये.

अनुवादांसाठी एक युक्ती, लेखकाच्या मागे न जाता अनुवादकाच्या मागे जा. उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'वंशवृक्ष' मराठीत आणलं, ते आवडलं तर त्यांनी अजून काय काय आणलंय ते बघत जा, चांगला अनुवादक रद्दी सहसा उचलत नाही.

आणि जुनी पुस्तकं विकत घेताना एक सांभाळ. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की हक्क संपतात. आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, त्यामुळे 'श्यामची आई' आता कितीतरी प्रकाशकांची मिळते. स्वस्त मिळते हे चांगलं, पण अशा पुस्तकांच्या काही आवृत्त्या संक्षिप्त असतात आणि ते कव्हरवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. पानांची संख्या दुसऱ्या आवृत्तीशी ताडून बघ.

तुझ्या सहा पुस्तकांचं म्हणशील तर ती परत करू नकोस, रद्दीतही देऊ नकोस. आपटे टेबलावर ठेव, रोज एक प्रकरण. बाकी पाच कपाटात वर, डोळ्यांसमोर नकोत. मालिका वाचणं मुळीच बंद करू नकोस, ते बंद केलंस तर वाचायची सवयच जाईल आणि मग मी दिलेली पुस्तकंपण पडून राहतील. या आठवड्यात वाचनालयात नाव घाल आणि 'रणांगण' माग, बहुतेक ठिकाणी असतं, नसलं तर 'स्मृतिचित्रे' माग, ते असतंच. वाचून झालं की, किंवा अर्धवट सोडलंस तरी, इथेच खाली लिही, कुठल्या पानावर थांबलीस आणि तिथे काय चाललं होतं तेवढं सांग. पुढचं पुस्तक त्यावरून सांगते.